सहा बैठका, एक स्वाध्याय-वही आणि ± न घेणारं अ‍ॅप

नोकरी बदलणाऱ्यांसाठीच्या एका ऑनलाइन समुपदेशन सेवेला पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा चाचणीने घालवला, अर्धा अ‍ॅपने. उरलेले बहुतेक दुसऱ्या समुपदेशक बाईंचे, थोडे वहीचे.

माझं थोडं आधी सांगते, कारण मला या सेवेतलं जे आवडलं ते तुम्हाला आवडेलच असं नाही. मी १९ वर्षं कॅलिब्रेशन लॅबमध्ये होते. लोकांचे तराजू, वजनं, प्रेशर गेज आमच्याकडे यायचे आणि ते खरं बोलतात का हे आम्ही तपासायचो. मग आमची लॅब एका मोठ्या लॅबमध्ये विलीन होणार असं ठरलं. माझ्यापुढे दोन कागद आले. तिकडच्या विक्री विभागात बदली, नाहीतर हिशेब चुकता करून राजीनामा. तिसरा पर्याय कागदावर नव्हता, डोक्यात होता: नव्या तंत्रज्ञांना हे काम शिकवायचं, स्वतःच्या जबाबदारीवर. चार महिने मी तिन्हींपैकी काहीच केलं नाही. पहाटे तीनला जाग येऊन पंख्याकडे बघत पडून राहणं, एवढं मात्र नेमाने केलं.

शेवटी नोकरी-व्यवसाय बदलणाऱ्यांसाठी असलेल्या एका ऑनलाइन समुपदेशन सेवेत नाव घातलं. सेवेचं नाव लिहीत नाही. अशा बऱ्याच सेवा साधारण एकाच साच्यातल्या असतात, तेव्हा पुढचं सगळं कुठेही नाव घालताना उपयोगी पडावं.

काय मिळतं? व्हिडिओवर सहा बैठका, आठवड्याला एक, प्रत्येकी ५० मिनिटं. एक छापील स्वाध्याय-वही पोस्टाने येते आणि एक अ‍ॅप. बारा बैठकांचंही पॅकेज आहे आणि नोंदणी करताना तेच मोठ्या अक्षरात समोर येतं. सहाचं शोधावं लागतं. शोधा. सहा पुरतात.

सुरुवात व्यक्तिमत्त्व चाचणीने. ९० प्रश्न, निकाल चार अक्षरांत. आता आमच्या धंद्यात एखाद्याने वजन तराजूवर एकदा ठेवलं आणि आलेला आकडा लिहून दिला, तर तो कागद तसाच परत येतो. ठेवायचं, उचलायचं, शून्य बघायचं, परत ठेवायचं, असं दहा वेळा. तोच आकडा पुन्हा पुन्हा येतो का, याला रिपीटेबिलिटी म्हणतात. सवयीचा भाग म्हणून नऊ दिवसांनी मी दुसऱ्या ईमेलवरून तीच चाचणी परत दिली. चारपैकी दोन अक्षरं बदलली. पहिल्या अहवालात मी माणसांत रमणारी होते आणि विक्री मला शोभणार होती. दुसऱ्यात मी एकांतात, बारकाईने काम करणारी. दोन्ही अहवाल रंगीत, चकचकीत, बारा-बारा पानांचे. माझ्यात नेतृत्वगुण आहेत यावर मात्र दोन्हींचं एकमत होतं.

असला तराजू आमच्याकडे आला असता तर त्यावर लाल चिठ्ठी चिकटवून बाजूला ठेवला असता. इथे त्याच चाचणीच्या आधारावर पहिली बैठक आखतात. तो गेलेला तारा.

पहिले समुपदेशक तरुण होते, स्वभावाने गोड. दर पाच मिनिटांनी म्हणायचे, "मॅडम, सगळं छान होणार आहे. फक्त स्वतःवर विश्वास ठेवा." मी विचारलं, "छान होणार हे तुम्हाला कशावरून कळलं?" ते हसले आणि पुढची स्लाइड लावली. त्यात सूर्योदय होता.

समुपदेशक बदलून मिळतो, पण ते कुठे ठळक लिहिलेलं नाही. 'मदत' मध्ये जायचं, 'इतर' निवडायचं आणि सरळ लिहायचं. मला एका मेलमध्ये बदलून दिला, कारणसुद्धा विचारलं नाही. याचे गुण द्यायलाच हवेत.

दुसऱ्या बाई पन्नाशीच्या. मागे पुस्तकांचं कपाट वगैरे देखावा नाही, दारावर वाळत घातलेला टॉवेल दिसत होता. पहिली दहा मिनिटं त्या जवळजवळ बोलल्याच नाहीत. माझं संपल्यावर एवढंच विचारलं, "तुम्हाला जाच कशाचा होतोय? वाईट होईल याचा, की काय होईल तेच कळत नाही याचा?"

मी म्हटलं, दुसऱ्याचा.

मग त्यांनी एक प्रयोग सांगितला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी तो २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. ४५ जणांना संगणकाच्या पडद्यावर दगड दाखवायचे आणि या दगडाखाली साप आहे का ते ओळखायला सांगायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका, चांगला दुखणारा. ताण मोजला तो घामावरून आणि डोळ्यांच्या बाहुल्यांवरून. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना जो ताण होता, त्याहून जास्त ताण शक्यता निम्मी-निम्मी असताना निघाला. हे मला समजावून सांगावं लागलं नाही. विलीनीकरणाची तारीख जाहीर झाली ती रात्र मला आठवली. तारीख वाईटच होती, माझ्या अंदाजापेक्षा दोन महिने अलीकडची. आणि त्याच रात्री मी कितीतरी दिवसांनी सलग झोपले होते.

बोलता बोलता मी म्हणून गेले की आमच्यात अनिश्चितता हा शब्द कुणी घाबरून उच्चारत नाही. बाई म्हणाल्या, "म्हणजे? नीट सांगा."

सांगितलं. कॅलिब्रेशनच्या सर्टिफिकेटवर नुसता आकडा कधी नसतो. पुढे ± आणि आणखी एक आकडा असतो, खरं माप तेवढं वर-खाली असू शकतं असं सांगणारा, आणि खाली ओळ असते की हे 'के बरोबर २' (के म्हणजे ±ची रुंदी ठरवणारा गुणक) धरून काढलंय, म्हणजे विश्वासपातळी सुमारे ९५ टक्के. ± नसलेलं मोजमाप अर्धवट समजतात. त्रुटी वेगळी आणि अनिश्चितता वेगळी, हे आम्ही नव्या मुलांना पहिल्याच दिवशी घोकवतो. काटा दोन ग्रॅम जास्त दाखवत असेल तर ती त्रुटी. दोन वजा करा, विषय संपला. अनिश्चितता वजा करता येत नाही. ती किती आहे ते काढायचं, लिहायचं आणि तेवढी धरून पुढचं ठरवायचं. बोलता बोलता माझा मलाच आवाज ऐकू आला आणि मी गप्प झाले. इतकी वर्षं इतरांच्या कागदांवर ± लिहून सही करणारी बाई स्वतःच्या कागदावर मात्र ± शून्य येईपर्यंत सही करायला तयार नव्हती.

बाईंनी ते अधोरेखित वगैरे केलं नाही. म्हणाल्या, "लॅबमध्ये हा ±चा आकडा काढता कसा? पुढच्या वेळी तसाच काढू या. तोवर वहीतलं तिसरं पान भरा."

वही बरी आहे. कागद जाड, पेन फुटत नाही. तिसऱ्या पानावर दोन रकाने आहेत, जावं आणि जाऊ नये. वर लिहिलंय की ही रीत बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७७२ मध्ये जोसेफ प्रीस्टली यांना पत्रात कळवली होती. पत्र खरंच आहे. कागदाच्या मधोमध रेघ मारा, तीन-चार दिवस सुचेल तसं दोन्हीकडे लिहा, मग समान वजनाची कारणं समोरासमोर खोडत जा, असा तो सल्ला. मी भरलं. 'जावं' म्हणजे माझ्यासाठी नोकरी सोडून शिकवायला जावं. 'जावं' खाली पाच मुद्दे, 'जाऊ नये' खाली चौदा. म्हणजे प्रश्नच मिटला, नाही का?

तिसरी बैठक त्या चौदांवर गेली, आणि पैसे वसूल झाले ते इथे. आमच्याकडे शंका जिथून जिथून येऊ शकते त्या सगळ्या जागा एका तक्त्यात मांडतात: ज्याच्याशी ताडून बघतो त्या संदर्भ वजनाची स्वतःची अनिश्चितता, तराजूवरच्या आकड्याचं शेवटचं घर, खोलीचं तापमान, हवेची घनता, माणसाचा हात. त्याला बजेट म्हणतात. १९९३ मध्ये याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका निघाली आणि जगभरच्या लॅब त्याच रीतीने चालतात. त्यातला एक नियम असा की दोन शंका एकाच मुळातून येत असतील तर त्या सुट्या-सुट्या धरायच्या नाहीत. हा नियम चौदा मुद्द्यांना लावला. 'दरमहा पगार नाही', 'मुलीच्या शिक्षणाचं काय', 'आजारपण आलं तर', 'बचत मोडावी लागेल', 'गिऱ्हाईक मिळालं नाही तर': ही पाच कारणं नव्हतीच. एकच भीती पाच वेगवेगळ्या कपड्यांत येऊन पाच मतं टाकून गेली होती. बाकीचे नऊही असेच चारांत बसले. चौदाचे पाच उरले.

मग प्रत्येकाला दहापैकी गुण. उत्पन्नाचा भरवसा नाही: ८. वर्गासमोर उभं राहून बोलता येईल का: ३. संगणकावरचं नवं काम जमेल का: ३. जुन्या सहकाऱ्यांशी संबंध: २. लोक काय म्हणतील: १. आमच्या रीतीत हे आकडे नुसते मिळवत नाहीत. प्रत्येकाचा वर्ग करायचा, त्यांची बेरीज, मग वर्गमूळ. उत्तर आलं ९.३. बाईंनी विचारलं, "आता खालचे चारही शून्य झाले समजा, तर?" तर ८. "आणि खालचे चार तसेच ठेवून नुसता वरचा निम्मा केला तर?" मी कॅल्क्युलेटर दाबला. ६.२.

चार महिने मी त्या खालच्या चारांवर घालवले होते. भाषणकलेचे व्हिडिओ पाहिले, सादरीकरणाचं सॉफ्टवेअर शिकले, कोण काय म्हणेल याची मनातल्या मनात उत्तरं तयार केली. सगळं केलं तरी ९.३चे फार तर ८ होणार होते.

(भीतीला आठ गुण देणं म्हणजे शास्त्र नव्हे हे मलाही कळतं. भीतीचं संदर्भ वजन कुठल्याच कपाटात नाही. पण वर्ग केला की मोठं ते उघड मोठं दिसतं, आणि मला तेवढंच हवं होतं.)

बाईंचा पुढचा प्रश्न असा: "हा आठचा आकडा निम्मा व्हायला तुम्हाला कुठली एकच गोष्ट कळायला हवी?" फार वेळ लागला नाही. नव्या लॅबने मला आठवड्याचे दोन दिवस कंत्राटावर ठेवलं, तर घरखर्चाचा मोठा भाग निघणार होता. "मग विचारलंत?" नव्हतं विचारलं. ते नाही म्हणतील हे मी गृहीत धरलं होतं, आणि त्या गृहीतावर चार महिने काढले होते.

विचारलं. फोन अकरा मिनिटं चालला. दोन दिवसांना नाही म्हणाले. पण ऑडिटच्या आधीचे दोन महिने, वर्षातून दोनदा, येणार का, असं त्यांनीच विचारलं. म्हणजे वर्षाचे चार महिने. मला हवं होतं तेवढं नाही, मी धरून चालले होते त्याहून खूप. बजेटमधला आठचा पाच केला.

चौथ्या बैठकीचा गृहपाठ लिहिण्याचा होता: रोज २० मिनिटं, पाच दिवस, नोकरी जाण्याबद्दल मनात येईल ते, कुणाला न दाखवता. यामागे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. नोकरी गेलेल्या ६३ व्यावसायिकांवर तो केला होता, आणि ज्यांनी नोकरी गेल्याच्या भावना लिहून काढल्या त्यांना इतरांपेक्षा लवकर नवी नोकरी मिळाली. मी जरा नाक मुरडतच बसले. पहिले दोन दिवस साहेबांच्या नावाने बोटं मोडली. तिसऱ्या दिवशी भलतंच निघालं, तराजूच्या खोलीबद्दल. त्या खोलीत दार हळू लावायचं, कारण दाराच्या झोताने शेवटचे आकडे हलतात. वजन हाताने धरायचं नाही, चिमट्याने उचलायचं. बोटाचा ठसासुद्धा मोजमापात येतो. आणि बाहेरून आलेलं वजन लगेच मोजायचं नाही. पेटी उघडून तराजूशेजारी ठेवून द्यायचं, काही तास, मोठं असेल तर रात्रभर. ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत त्याच्याभोवती हवेचे बारीक प्रवाह असतात आणि आकडा स्थिर राहत नाही. तराजू बिघडलेला नसतो, वजनही नाही. नवी मुलं घाई करतात. दर दोन मिनिटांनी ठेवून बघतात, दर वेळी वेगळा आकडा येतो, मग माझ्याकडे येऊन म्हणतात, "मॅडम, तराजू खराब झालाय." हे लिहून झालं तेव्हा २० मिनिटं कधीच उलटून गेली होती, आणि मला काय शिकवायचंय याचा पहिला धडा कागदावर उतरला होता.

पाचवी बैठक 'ओळख' या विषयावर. पदाशिवाय तुम्ही कोण, वगैरे. इथे मी कंटाळले. वहीतली ही पानंही पातळ आहेत, मोठ्या अक्षरांत एकेक प्रश्न आणि भरपूर रिकामी जागा. बाईंनी माझा चेहरा ओळखला आणि म्हणाल्या, "तुम्ही वजनांचंच बोला, ते बरं पडतं." मग मी त्यांना किलोग्रॅमची गोष्ट सांगितली. १८८९ पासून पॅरिसजवळ ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल हाच किलोग्रॅम होता. व्याख्येनेच त्याची अनिश्चितता शून्य. पण त्याच्या प्रती त्याच्याशी ताडून पाहिल्या तेव्हा शतकभरात सुमारे ५० मायक्रोग्रॅमची फारकत पडलेली दिसली, आणि नक्की कोण बदललं, तो की प्रती, हे सांगायची सोय नव्हती. २० मे २०१९ ला व्याख्या बदलली, किलोग्रॅम प्लांक स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर आला. त्या दिवसापासून त्या दंडगोलालाही ± लागलं, सुमारे १० मायक्रोग्रॅम. आमच्या कपाटातली वजनं दुसऱ्या दिवशी होती तशीच होती, गिऱ्हाइकांचे फोन मात्र महिनाभर येत होते. बाई बराच वेळ हसल्या. त्या बैठकीतून मला आणखी काही मिळालं असं म्हणवत नाही.

मधल्या काळात प्रत्यक्ष करून बघणं चालू होतं, त्याबद्दल थोडं. अनिश्चितता काढायच्या दोन वाटा असतात. 'अ' प्रकार म्हणजे स्वतः पुन्हा पुन्हा मोजून. 'ब' प्रकार म्हणजे बाकी सगळी माहिती: दुसऱ्याचं सर्टिफिकेट, पुस्तकं, जुना अनुभव. शिकवण्याबद्दल माझ्याकडे सगळा 'ब' होता. अमका म्हणाला यात पैसा नाही, तमकी म्हणाली खूप मागणी आहे. बाईंनी 'अ' गोळा करायला लावला. पाच शनिवार, दोन तास, विनामूल्य, ओळखीच्या लॅबमधली तीन-चार मुलं. पहिला शनिवार फसला. मी दीड तास एकटीच बोलले आणि एक मुलगा चक्क पेंगत होता. दुसऱ्या वेळी खरा तराजू आणि चिमटे नेले. तिसऱ्याला दोन मुलं नवी आली, न बोलावता. चौथा रद्द झाला. पाचव्याला एकाने विचारलं, याचे पैसे किती घेणार? चार मापं म्हणजे फार नव्हेत, पण त्या चाचणीच्या ९० प्रश्नांपेक्षा मला यावर जास्त भरवसा वाटला.

आता अ‍ॅप. रोज सकाळी विचारतं, "आज तुमचा निर्णयावर किती विश्वास आहे?" शून्य ते शंभर, एक पट्टी सरकवायची. मी ६० ± २० लिहायला गेले. ± घेत नाही. मी मदतकेंद्राला कळवलं. उत्तर आलं, "तुमची मोलाची सूचना आमच्या टीमपर्यंत पोहोचवली आहे. तुम्हाला १०० टक्के खात्री वाटेल तो दिवस लांब नाही!" आठवड्याच्या शेवटी आलेख येतो. आदल्या दिवशीपेक्षा आकडा कमी असला की लाल, जास्त असला की हिरवा. रविवारी ५८ आणि सोमवारी ५५, तर लाल बाण आणि 'धीर सोडू नका' असा निरोप. अहो, तेवढं तर माझ्या हाताच्या थरथरीतच येतं.

त्यात एक नाणं उडवायची सोयही आहे. मला आधी पोरखेळ वाटला. पण स्टीव्हन लेविट या अर्थशास्त्रज्ञाने हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केलेला आहे. अडलेल्या लोकांनी संकेतस्थळावर नाणं उडवायचं आणि सहा महिन्यांनी कसं चाललंय ते कळवायचं. मोठ्या निर्णयांत नाण्याने 'बदल कर' म्हटलेले आणि बदल केलेले लोक जास्त समाधानी निघाले. हे निष्कर्ष २०२१ मध्ये शोधपत्रिकेत आले. अ‍ॅपवाले त्याखाली 'बदल करणारेच सुखी होतात' असं ठोकून देतात, ते मला मान्य नाही. तिथे आलेले लोक मुळात काठावर उभे होते, आणि सुखाचं माप त्यांनी स्वतःच सांगितलेलं. काठावर नसलेल्याने त्यावरून काही ठरवू नये. मी मात्र काठावरच होते, म्हणून उडवलं. 'थांब' आलं. आणि मला जो राग आला तो बघून मी त्याच संध्याकाळी राजीनाम्याचा मसुदा लिहिला.

सहावी बैठक निरोपाची, तीस मिनिटांत संपली. उरलेली वीस परत मागितली तर मिळत नाहीत. त्याला आता सात महिने झाले. शिकवण्याची पहिली सशुल्क तुकडी पार पडली, दुसरी माणसं न जमल्यामुळे रद्द झाली, तिसरीला नऊ जण आहेत. ऑडिटचे पहिले दोन महिने करून आले. बजेट दर तिमाहीला नव्याने मांडते. आठचा पाच झालेला आकडा मागच्या वेळी परत सहा झाला होता.

ही सेवा कुणी घ्यावी? दोन-तीन पर्याय समोर आहेत आणि त्यातच गोल गोल फिरताय, अशांनी. ज्यांना पुढे काय करायचं हेच सुचत नाही त्यांना चार अक्षरांच्या निकालाखेरीज फारसं काही हाती लागणार नाही. पगार थांबलाय आणि घरात आणीबाणी आहे, अशा वेळीही नको. तेव्हा समुपदेशकाआधी काम मिळवून देणारा माणूस शोधा. झोप-जेवण सुटलं असेल तर डॉक्टर. नोंदणी करताना विचारून घ्या की समुपदेशक मध्येच बदलता येतो का आणि चाचणी वगळता येते का. मला नंतर कळलं, वगळता येते.

आणि सगळं आटोपल्यावर अ‍ॅप काढून टाकायच्या आधी 'खातं' मध्ये जाऊन सदस्यत्व रद्द करा. नुसतं अ‍ॅप काढलं तर दरमहा पैसे कापले जातच राहतात. माझे दोन महिने गेले. मेल केल्यावर एका महिन्याचे परत आले.